प्रकाशनात टिकायला ‘वेग’च लागतो? मला नाही पटत

अर्धविराम:
काल नवी_पानं यांनी लिहिलं की या धंद्यात टिकायला एकच गुण लागतो, पटापट बदलायची तयारी, आणि ‘एकेका ओळीवर तासभर बसणारे संपादक आपोआप गळतील’. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. मी सतरा वर्षं संपादन करतेय. २००७ ला किंडल, ॲमेझॉनचं ईबुक वाचायचं यंत्र, आलं तेव्हापासून कोणी ना कोणी सांगतंच आहे की आता छापील पुस्तक संपलं. माझ्याबरोबरचे जे टिकले ते काही सगळ्यात चपळ नव्हते. ते लेखकाला तोंडावर सांगायचे की तिसरं प्रकरण काढून टाका, आणि तरी तो लेखक पुढचं हस्तलिखित घेऊन त्यांच्याकडेच यायचा. खरं सांगायचं आणि समोरच्याला ते ऐकवेल असं सांगायचं, हे यायला वर्षं जातात. सॉफ्टवेअर आठवड्यात येतं हो.

नवी_पानं:
ताई, गळावेत असं मी म्हटलेलं नाही, गळतील म्हटलंय. मी जिथे कामाला होतो तिथले संपादक उत्तमच होते पण ईबुकची फाइल उघडूनसुद्धा बघायचे नाहीत, ‘ते तुम्ही मुलं बघा’. छापील पानात ओळ तोडायला टाकलेले हायफन तसेच ईबुकात गेले, शब्दाच्या मधोमध रेघा, वाचकांनी एकेक स्टार दिला. त्या ओळींवर घातलेले तास वाचकापर्यंत पोचले का? कुतूहलच नसेल तर निष्ठेचं काय करायचं?

शाईचा_डाग:
ती फाइल मुद्रितशोधकाकडे गेली होती का ते आधी सांगा. नसणारच! छापील प्रूफ वाचलं म्हणजे ईबुक वाचलं असं धरतात आणि शिव्या आम्ही खायच्या. आता तर म्हणतात स्पेलचेकर मारलाय, तुम्ही नुसती नजर फिरवा, आणि पैसे निम्मे. अहो ‘दिन’ही बरोबर आणि ‘दीन’ही बरोबर, कुठे कुठला हवा ते वाक्य वाचल्याशिवाय कसं कळणार?

नवी_पानं:
पहिली चाळणी मशीनची, दुसरी माणसाची. यात वाईट काय आहे?

शाईचा_डाग:
वाईट हे की दुसरी चाळणी लावतच नाहीत! मला मागे एकानं चारशे पानं दिली, तीन दिवसांत हवीत म्हणाला. चुका राहिल्या आणि पुस्तकात नाव माझं. तुम्ही वाचून दाखवा तीन दिवसांत, मग चाळण्या शिकवा.

कोरा_कागद:
विषय गुणांचा होता, तुमच्या बिलांचा नाही.

शाईचा_डाग:
चिकाटी हा गुण आहे ना? मग तिचे पैसे कोण देणार हाही विषयच आहे.

जुळाऱ्याची_लेक:
गुणांबद्दलच बोलते. माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवायचे, उलटी अक्षरं सरळ असल्यासारखी वाचायचे. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा सात जुळारी होते आणि खुर्ची एकच. मालकानं वडिलांना बसवलं. ते शेवटपर्यंत सांगायचे की उरलेले सहाही शिकले असते, कोणी विचारलंच नाही. त्यामुळे ‘आपोआप गळतील’ वाचलं की माझं डोकं फिरतं. आपोआप कोणी गळत नाही.

नवी_पानं:
‘आपोआप’ मागे घेतो. चुकलंच ते. बाकी मुद्दा तोच.

अर्धविराम:
बाकी मुद्दाही बघू. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाला कथा घेणं काही काळ बंद ठेवावं लागलं, मशीननं लिहिलेल्या कथांचा एवढा पूर आला. त्याच सप्टेंबरात ॲमेझॉननं स्वतःची पुस्तकं काढणाऱ्यांना दिवसाला तीनच नवी पुस्तकं अशी मर्यादा घातली. वेग आता कोणाकडेही आहे. त्या ढिगातून एक कथा उचलून ‘ही’ म्हणणारा माणूस कुठून आणणार?

नवी_पानं:
आणि त्या मासिकाच्या संपादकानं कथा स्वीकारायची सिस्टिम स्वतः प्रोग्रॅमिंग करून बनवलेली आहे, हे पण सांगा की. निवड पण तोच करतो, कोड पण तोच लिहितो.

अर्धविराम:
हे मान्य. नाइलाजानं, पण मान्य. तरी त्याचं मासिक लोक वाचतात ते कोडसाठी नाही.

नवी_पानं:
शाईचा_डाग, ईबुकातले ते अडकलेले हायफन एका झटक्यात कसे शोधायचे ते लिहून पाठवू का? दहा मिनिटांचं काम आहे.

शाईचा_डाग:
पाठवा, शिकते. पण ईबुकचं वाचन वेगळं काम आहे आणि त्याचं बिल मी वेगळंच लावणार.