बांधकामाचे सॉफ्टवेअर साइटप्रमाणे असावे की साइट सॉफ्टवेअरप्रमाणे?

मोजपट्टी (धागाकर्ता):
सोलापुरातील एका मध्यम ठेकेदार कंपनीत मी अंदाजपत्रके आणि बिले पाहतो. आमच्याकडे बांधकामाचे सॉफ्टवेअर आले, प्रशिक्षण झाले, आणि काही काळाने त्यातील नोंदी महिनाअखेरीस कार्यालयात बसून एकगठ्ठा भरल्या जाऊ लागल्या. खरा कारभार व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आणि मुकादमाच्या वहीतच राहिला. अशा वेळी साइटवरच्या माणसांना आळशी ठरवले जाते. माझ्या मते दोष रचनेचा आहे; सॉफ्टवेअर कंपनी जशी चालते तसे असावे.

खडीचेच पाहा. क्रशरवरून खडी ब्रासने येते, म्हणजे १०० घनफूट किंवा सुमारे २.८३ घनमीटर; काही क्रशरवाले मात्र काट्यावर वजन करून टनाने देतात. खडी-वाळूसारख्या गौण खनिजाची रॉयल्टी शासन ब्रासवर घेते आणि त्याच शासनाच्या बांधकाम खात्याच्या मोजमाप पुस्तकात त्याच खडीचे काँक्रीट घनमीटरने चढते. एकाच मालाची ही तीन मापे तिन्ही ठिकाणी खरी आहेत. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक वस्तूला एकच एकक मागते, त्यामुळे भांडारपाल मनाने एक गुणक लावून आकडा बसवतो आणि पुढचा सगळा साठा त्या अंदाजावर उभा राहतो. वाळू ओली असेल तर तिचे आकारमान चौथ्या हिश्शाने फुगू शकते, हे वेगळेच.

सळईचे गणितही असेच आहे. १२ मिलिमीटर सळईचे सैद्धांतिक वजन मीटरला ०.८८८ किलो, खरेदी काट्यावरच्या वजनाने होते आणि बिल सैद्धांतिक वजनाने निघते. भारतीय मानक १७८६ या जाडीला वजनात पाच टक्के कमी-अधिक चालवून घेते. अशी तफावत लाल अक्षरांत ‘साठा तुटला’ म्हणून दिसली की भांडारपाल विनाकारण चोर ठरतो आणि पुढच्या वेळी आकडे जुळवूनच भरतो.

मजुरीत तर दोन हिशेब एकत्र चालतात. हजेरीवरून बाजाराच्या दिवशी खर्ची, म्हणजे घरखर्चापुरती आगाऊ रक्कम, दिली जाते, पण मुकादमाचे अंतिम बिल मोजलेल्या कामावर होते आणि त्यातून दिलेली खर्ची व उचल वजा जाते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तर पगारपत्रक आहे किंवा उपठेकेदाराचे बिल आहे. दोन्हींना जोडणारा रस्ताच नाही.

ताळेबंद:
मी हिशेब तपासणीच्या बाजूने लिहितो. आपली एककांची तक्रार मला मान्य आहे. ती सुधारली नाही तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याने दुकान बंद करावे. पण ‘कंपनी जशी चालते तसे’ या तत्त्वाला माझा ठाम विरोध आहे, कारण अनेक कंपन्या जशा चालतात तशा चालू नयेत.

एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च सर्वसाधारणपणे आयकरात मान्य होत नाही. पुरवठादाराने आपले बिल जीएसटीच्या विवरणात दाखवले नाही, तर त्यावरील कर आपल्याला वळता मिळत नाही. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून ती फक्त जमीन व बांधकाम यांवरच खर्च करायची असते. ‘आमच्याकडे असेच चालते’ हे उत्तर यांपैकी एकाही ठिकाणी स्वीकारले जात नाही. खरेदी आदेश नसताना माल उतरवून घेण्याची सवय सॉफ्टवेअरने सोयीची करून दिली, तर पहिली गळती तिथूनच सुरू होते.

मोजपट्टी:
स्लॅबच्या आदल्या रात्री विजापूर रस्त्यावरच्या साइटवर सिमेंटची गाडी येऊन उभी राहिली, तर ती परत पाठवणारा अभियंता मी पाहिलेला नाही. सॉफ्टवेअर अडवते तेव्हा गाडी थांबत नाही. मालासोबतची पावती (चलन) खिशात जाते आणि आठवड्यानंतर मागील तारखेचा आदेश तयार होतो. म्हणजे नियंत्रण कागदावर राहिले आणि माहितीही खोटी झाली. माल आदेशाशिवाय उतरू द्यावा, नोंद त्याच क्षणी व्हावी, आणि अडवणूक पैसे देताना करावी. गळती रोखण्याची खरी जागा तीच आहे.

सीनाकाठ:
मी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे हा वाद मला थोडा सोयीस्कर वाटतो. कोणती कंपनी? सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात ३०,००० घरांची वसाहत उभारताना लागणारी शिस्त आणि जुळे सोलापुरात एक दुमजली बंगला बांधणाऱ्याची गरज यांत काहीही समान नाही. शिवाय ‘काम कसे चालते’ हे आम्हाला नेहमी मालक सांगतात, आणि मालक सांगतात ते काम कसे चालावे हे असते. त्यावर बेतलेला प्रत्येक बदल पुढे आम्हालाच सांभाळावा लागतो. दहा ग्राहकांचे दहा प्रकार झाले की एकही नीट चालत नाही. एकके आणि खर्ची हे मूळ रचनेचे प्रश्न आहेत, ते सर्वांसाठी एकदाच सोडवता येतील. मंजुरीची साखळी मात्र ग्राहकाने आमचीच घ्यावी.

हजेरीपट:
भांडारावर बसणाऱ्याची एक बाजू कोणीच मांडली नाही. आमच्या साइटवर गवंडी कन्नड बोलतात, काही मजूर तेलुगू, आणि ॲप इंग्रजीत आहे. मी दिवसभर भरलेल्या नोंदींचा मला स्वतःला काय उपयोग? शिल्लक सिमेंट किती आणि मुकादमाची किती उचल फिटायची आहे, एवढे जरी मला तिथल्या तिथे दिसले, तरी मी वही ठेवणार नाही.

ताळेबंद:
पैसे देताना अडवण्याची सूचना मी एका अटीवर मानतो: माल आल्याची तारीख आणि नोंद केल्याची तारीख अशा दोन्ही नोंदल्या जाव्यात आणि दुसरी कोणालाही बदलता येऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून कायद्याने कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची न पुसता येणारी नोंद बंधनकारक आहे. भागीदारी आणि एकल मालकीच्या ठेकेदारांना ते बंधन नसले, तरी त्यांनीही ती ठेवावी. भांडारपालाला शिल्लक दिसण्यालाही माझी हरकत नाही. सीनाकाठ यांची मंजुरीची तयार साखळी मात्र येथे टिकणार नाही. मालक परगावी असताना फोनवर ‘दे’ म्हणतात आणि रोखपाल देतो. त्या फोनला सॉफ्टवेअरमध्ये जागा द्यायची की तो बंद पाडायचा? मी बंद पाडावा असे म्हणेन.

मोजपट्टी:
तो बंद पडणार नाही. रोखपालाला ‘मालकांच्या तोंडी सांगण्यावरून’ अशी नोंद करता यावी, मालकांच्या मोबाइलवर लगेच संदेश जावा, आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत होकार दिला नाही तर ती रक्कम रोखपालाच्या नव्हे, मालकांच्या नावे उचल म्हणून दिसावी.