हंगामाच्या सणातलं डांगर : ख्रिस्ती घरातले तुमचेही अनुभव लिहा

जालनेकर :
परवा आठवडी बाजारातून डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणलं अन् चर्चमधला हंगामाचा सण, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा, डोळ्यापुढं आला. उपासना संपली की पुढं मांडलेल्या ज्वारीच्या पेंढ्या, अंडी, कोंबडी, सगळ्याचा लिलाव. पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खात्यात. एका वर्षी आबांच्या डांगराला कुणी पन्नासाच्या वर जाईना. त्यांना अपमान वाटला, स्वतःचंच डांगर ऐंशीला सोडवून आणलं! आजी चार दिवस अबोला धरून.

वैजापूरची सून :
आमच्यात लिलाव नाही, कॅथलिक ना. सासरचे सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला पायी जातात. पहिल्या वर्षी मी नवी चप्पल घालून निघाले. पुढचं विचारू नका.

परभणीचा पोऱ्या :
"ख्रिश्चन असून मराठी इतकं चांगलं?" परवा बँकेत परत. म्हणलं मॅडम, आमच्या पंजोबालाबी इंग्रजी येत नव्हतं.

जालनेकर :
हाहाहा. त्यांना सांग, ख्रिस्ती झालेले मराठी धर्मोपदेशक नारायण शेषाद्री, त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चा. त्यांनीच पुढं आमच्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं.

बीडवाला :
संभाजीनगरात खोली बघायला गेलतो. आडनाव ऐकून घरमालक खूश, गाव कोणतं, पाहुणे कोण. क्रूस कोणत्या भिंतीला लावू विचारलं तर म्हणे "उद्या सांगतो". तीन वर्षं झाली, उद्या काही उजाडला नाही. आताच्या मावशी संकष्टीला मोदक देतात अन् नाताळाला करंज्या मागून घेतात. मागून म्हणजे हक्कानं, डबा आधीच पाठवून.

वैजापूरची सून :
करंज्या ओल्या नारळाच्या का खोबऱ्याच्या?

बीडवाला :
खोबऱ्याच्या. ओल्या टिकत नाहीत ताई.

लातूर :
करंज्या राहू द्या. अनुसूचित जातीच्या १९५० च्या आदेशात शीख १९५६ ला आले, बौद्ध १९९० ला. आपण दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. माझ्या सख्ख्या चुलत भावाला सवलत, मला नाही. वाडा एक, विहीर एक. फॉर्म भरताना दरवेळी पेन थांबतो.

परभणीचा पोऱ्या :
खरंय दादा. यावर काय बोलावं.

वैजापूरची सून :
त्या डांगराचं काय झालं पण?

जालनेकर :
पाचव्या दिवशी आजीनंच भाजी टाकली. गूळ अन् शेंगदाण्याचं कूट. आबा ताट पुसून खात म्हणाले, ऐंशीत काही महाग नव्हतं. आजीनं परत दोन दिवस अबोला धरला.

बीडवाला :
कूट किती घालायचं?