मॅरेथॉनसाठी मोठं लक्ष्य: सरावात काय शिकलात?

मंडळी, मॅरेथॉन पूर्ण करणं आणि ती ठरवलेल्या वेळेत पूर्ण करणं, या दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत. पुढच्या मोसमात मला ४ तासांच्या आत यायचंय. ४२.१९५ किमी, म्हणजे दर किलोमीटरला ५:४१. आकडा भिंतीवर लिहून ठेवलाय. आवाक्याच्या जरा बाहेरचं लक्ष्य धरून ज्यांनी सराव केलाय, त्यांनी कृपया लिहा. वेळ साधली की नाही हे दुय्यम, सरावात काय बदललंत ते सविस्तर हवंय.

* * *

माझं लक्ष्य ३:३०, म्हणजे किलोमीटरला ४:५८. वेगात यायचं तर रोज वेगातच धावायला हवं, असं वाटतंच. कोचनी उलट करायला लावलं. आठवड्यातलं बहुतेक धावणं लक्ष्यापेक्षा मिनिटभर तरी सावकाश, सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल असं. सुरुवातीला मागून येणारे भराभर पुढे जायचे. ते मुकाट्याने बघणं मला इंटरव्हलपेक्षा (थोडं अंतर जोरात, मग विश्रांती, असं आलटून पालटून धावणं) जड गेलं. पण सावकाश धावण्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशींत ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात, शरीर इंधन म्हणून चरबी जास्त वापरायला लागतं, आणि पाय ताजे राहतात. मग टेम्पो (बराच वेळ सलग, दमवणाऱ्या वेगाने धावणं) आणि इंटरव्हलच्या दिवशी खरोखर जोर लावता येतो. रोज मधल्याच वेगाने धावलं तर यातलं काहीच पुरतं पदरात पडत नाही. लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं, ३० किमीपर्यंत गेल्यावर त्यातले शेवटचे १० किमी लक्ष्याच्या वेगाने करायचो. ४:५८ म्हणजे काय, हे पायांना तिथे कळलं.

* * *

मी खाण्याबद्दल लिहिते. ३० किमीच्या पुढे पाय अचानक जड होऊन वेग कोसळतो, त्याला भिंत म्हणतात; तिचं मोठं कारण म्हणजे स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन (साठवलेलं कार्बोहायड्रेट) संपत येणं. पाय कितीही तयार असले तरी इंधन लागतंच. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यावं असं सांगतात, आणि एका एनर्जी जेलमध्ये (धावताना खायची गोड, घट्ट पेस्ट) साधारण २०-२५ ग्रॅमच असतं. हिशेब केला तर अर्ध्या तासाला एक लागतं! धावत असताना एवढं पचवायला पोटालाही शिकवावं लागतं. प्रत्येक लाँग रनला मी तेच जेल, त्याच अंतराने, पाण्यासोबत घेत गेले. भूक लागायची वाट पाहायची नाही. स्पर्धेच्या दिवशी नवं काही तोंडात घालायचं नाही.

* * *

धागाकर्ते, ५:४१ पुसून ५:३८ लिहा. मार्ग मोजतात तो सर्वांत जवळच्या रेषेने. आपण गर्दीतून वाट काढत, वळणं बाहेरून घेत जातो. घड्याळात ४२.६ किमी सहज भरतात, आणि तेवढ्यासाठी ५:३८ लागतो.

* * *

धावणाऱ्या बायकांसाठी खास. सराव वाढला, झोप नीट होती, तरी वेग घसरत चाललेला आणि साध्या चढावर दम लागायचा. मनाची तयारी कमी पडतेय असं जवळपास सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ठीक, लोहाचा साठा मात्र तळाला. पाळीत लोह जातंच, शिवाय लांब पल्ल्याच्या धावण्यात घाम आणि पावलांच्या आघाताने फुटणाऱ्या तांबड्या पेशी यांतूनही थोडं जातं. उपचारानंतर काही महिन्यांनी तेच चढ पुन्हा जमू लागले. तपासणीशिवाय गोळ्या घेऊ नका, जास्त लोहही वाईटच. पण सराव सुरू करण्याआधी ही एक चाचणी जरूर करा, ही कळकळीची विनंती.

* * *

वेगाच्या आखणीबद्दल थोडंसं. केनियाचा धावपटू केल्व्हिन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ चा विश्वविक्रम केला, त्यात पहिला अर्धा भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७. मीही पहिले ५ किमी मुद्दाम राखून धावतो. आणि लक्ष्य दोन ठेवतो: एक थंड हवेसाठी, एक दमट उन्हासाठी. कोणतं धरायचं ते त्या दिवशीची हवा बघून, सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधीच ठरवतो.