बाजारगावातील पब : नकाशावरच्या तीन खुणांचा अर्थ काय?

प्रश्न : इंग्लंडमधील लहान बाजारगावांचे, विशेषतः लिंकनशरमधील स्टॅमफर्डचे जुने नकाशे मी पाहत आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या नकाशांवर काही घरांपाशी ‘इन’, काहींपाशी ‘पी.एच.’, तर काहींपाशी ‘बी.एच.’ असे लिहिलेले आढळते. सगळीकडे बिअरच मिळत असताना हा भेद कशासाठी, आणि एवढ्याशा गावात इतकी मद्यगृहे चालत तरी कशी?

उत्तर १ : भेद परवान्याचा आहे. ‘पी.एच.’ म्हणजे पब्लिक हाउस. १५५२ च्या कायद्यापासून अशा घरांना स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागे. ‘इन’मध्ये त्याखेरीज मुक्कामाची आणि घोड्यांची सोय असे. ‘बी.एच.’ म्हणजे बिअरहाउस, आणि ही १८३० च्या कायद्याची देणगी. त्या कायद्याने घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून अबकारी खात्याकडून परवाना घेता येऊ लागला, न्यायाधीशांची संमती लागेनाशी झाली. मात्र जिन किंवा ब्रँडी विकण्यास मनाई होती. सहा महिन्यांत सुमारे २४ हजार परवाने दिले गेले. पुष्कळ ठिकाणी घरातल्या पुढच्या खोलीत बाकडी टाकली की दुकान सुरू होई. १८६९ मध्ये ही घरे पुन्हा न्यायाधीशांच्या ताब्यात आली, आणि पुढे बंदही मुख्यतः तीच पडली.

उत्तर २ : परवान्याइतकाच बाजाराचाही विचार करावा. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून मालवाहू गाड्या येत, त्या ठरावीक इनच्या अंगणात सुटत आणि संध्याकाळी तिथूनच परतत. त्यामुळे ते अंगण म्हणजे त्या खेड्याचा गाडीतळच होता. धान्याचे सौदेही आत बसून होत. शिवाय स्टॅमफर्ड लंडन–यॉर्क हमरस्त्यावर होते. तेथील ‘द जॉर्ज’ या इनची पाटी रस्त्याच्या वरून आडव्या टाकलेल्या तुळईवर आजही आहे, आणि आतील दोन खोल्यांच्या दारांवर ‘लंडन’ व ‘यॉर्क’ अशी अक्षरे आहेत : ज्या दिशेची गाडी, त्या खोलीत प्रवाशाने थांबायचे. १८५२ मध्ये मुख्य रेल्वेमार्ग गावाला वगळून पीटरबरो व ग्रँथममार्गे गेला आणि घोडागाड्यांचा व्यवसाय बसला. बाजार मात्र राहिला, म्हणून पबही टिकले.

उत्तर ३ : थोडे विषयांतर, पण गाव तेच. सुमारे ३३५ किलो वजनाचा डॅनियल लॅम्बर्ट १८०९ मध्ये स्टॅमफर्डच्या ‘वॅगन अँड हॉर्सेस’ या इनमध्ये वारला. जिने चढणे अशक्य असल्याने त्याला तळमजल्याची खोली दिली होती. तरीही चाके लावलेली शवपेटी बाहेर काढण्यासाठी खिडकीसह भिंत फोडावी लागली.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नकाशावर ‘बी.एच.’ बहुतेक अरुंद गल्ल्यांत आणि ‘इन’ हमरस्त्यावर का दिसतात, हे आता उमगले. लॅम्बर्टचा इन नकाशावर शोधतो.