स्कॅन झालं की मूळ सेवापुस्तकं आवरून ठेवायची का?

आस्थापनावाला:
आमच्या सरकारी कार्यालयात सेवापुस्तकांचं, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकांचं, स्कॅनिंग संपत आलंय. मूळ पुस्तकं गठ्ठे बांधून तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात ठेवावीत आणि यापुढे संगणकावरच्या प्रतीवरच काम करावं, असा प्रस्ताव आहे. माझा पाठिंबा आहे. एका वेतननिश्चितीसाठी चार कपाटं उपसावी लागतात, पानं हातात तुटतात, वाळवीचा त्रास वेगळाच. तुमचं काय मत?

महालकर:
साफ विरोध. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आपल्या नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तरी तळमजलाच? आणि निवृत्तीच्या वेळी पेन्शन प्रकरणासोबत मूळ सेवापुस्तक लागतं. विदर्भ-मराठवाड्याची ही प्रकरणं इथे नागपुरातच महालेखापाल कार्यालयात येतात.
माझ्या थोरल्या भावाचं प्रकरण मधल्या काही वर्षांची सेवा पडताळणी नोंदवलेली नाही म्हणून परत आलं होतं. जुनी वेतनदेयकं शोधून नोंद घ्यावी लागली. मूळ पानावर वेतन पडताळणी पथकाचा, म्हणजे वेतननिश्चिती तपासणाऱ्यांचा, शिक्का फिकट का होईना, दिसत होता. स्कॅनमध्ये त्या जागी नुसता राखाडी डाग. स्कॅन करणाऱ्याने पान उलटलं, पुढे गेला.

धंतोलीची ताई:
महालकर, शिक्का दिसत नसेल तर ते पान पुन्हा स्कॅन करा. त्यासाठी अख्खी पद्धत मोडीत का काढायची? कपाटातलं पुस्तक कोणी पाहिलं, कोणी खाडाखोड केली, कुठे कळतं? संगणकावर निदान कोणी कधी उघडलं याची नोंद राहते.

बुटीबोरी एचआर:
ताई, राहते, पण ज्याचा त्याचा लॉगिन वेगळा असेल तरच. पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला मी पाहिलाय. या फायलींत नामनिर्देशन, जातीचा दाखला, बँक खातं, आजारपणाची बिलं, सगळं असतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे, पण ती सांभाळण्याची जबाबदारी सुटत नाही. सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. तयारी आत्ताच करा. आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवणं तर आजच थांबवा.

महालकर:
गोपनीयतेचं पटतं, पण तिच्या नावाखाली कर्मचाऱ्यालाच त्याचं पुस्तक दाखवत नाहीत, याचा मला जास्त राग आहे. 2012 मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, शिक्षा ही वैयक्तिक माहिती मानली. ती त्रयस्थाने मागितली होती. स्वतःची नोंद मागणाऱ्याला तो निकाल दाखवून कसं परतवता? गोपनीय अहवालातली, म्हणजे वरिष्ठांनी कामाबद्दल लिहिलेल्या वार्षिक अहवालातली, प्रत्येक नोंद संबंधिताला कळवा, असं देव दत्त प्रकरणात 2008 मध्येच सांगितलंय. सेवापुस्तक तर दरवर्षी दाखवून सही घ्यायची असते.

आस्थापनावाला:
तळमजल्याचा मुद्दा मान्य, वरच्या मजल्यावर खोली मागतो. पण रोजचं काम संगणकावरच व्हावं, यावर मी ठाम आहे.

महालकर:
करा ना. फक्त गठ्ठे बांधण्याआधी प्रत्येकाला मूळ पुस्तक आणि स्कॅन शेजारी ठेवून पानन् पान तपासू द्या, सही घ्या आणि एक साक्षांकित प्रत त्याच्या हातात द्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्यांपासून सुरुवात करा. त्यांना थांबायला वेळ नाही.