प्रतिसाद: क्लाउड की सर्व्हर, याच्या आधी

भाऊ, दारव्ह्याकडच्या तुमच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) दहा-बारा कॉम्प्युटर आहेत आणि नवा सर्व्हर (सगळ्यांचा डेटा ठेवणारा ऑफिसातला मुख्य कॉम्प्युटर) घ्यावा की सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकावं, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकांनी क्लाउड सुचवलं. मी म्हणेन, आधी मशीनं कमी करा.

आपल्या भागातल्या ऑफिसांत टॅलीला (हिशेबाच्या सॉफ्टवेअरला) एक मशीन, बिलांना दुसरं, कॅमेऱ्यांना तिसरं, आणि प्रत्येकाचा यूपीएस (वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) टेबलाखाली, रुईचे तंतू चिकटलेला. त्यातली लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण 25 अंश तापमानाचा हिशेब धरून बनवतात. पुढे दर 10 अंशांमागे तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून एकच चांगला यूपीएस, तोही थंड खोलीत.

टॅली क्लाउडवर गेली तर चालेल. वजनकाट्याचं मशीन मात्र गेटवरच राहू द्या, इंटरनेटशिवाय पावती निघालीच पाहिजे. इंटरनेटची फायबर तुटली म्हणून कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या राहाव्यात, हे मला पटत नाही. शेतकऱ्याचा अख्खा दिवस जातो हो.

बॅकअपची हार्डडिस्क कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) तीही लॉक करतं. काम झालं की काढा, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, आणि अधूनमधून फाइल परत उघडून बघा.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेही तपासा. मशीनची यादी इथे टाका, कोणतं काढता येईल ते बघू.