सेन्ना की प्रोस्ट? माझं मत प्रोस्टला, आता या अंगावर

उद्यमबागचा टर्नर :

डिसेंबरात अबुधाबीला मॅक्लारेनचा नॉरिस फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा जगज्जेता झाला, तेव्हापासून आमच्या शॉपसमोरच्या चहाच्या गाड्यावर हा वाद पेटलाय. २०२५ चा शेवटचा हिशेब नॉरिस ४२३, वेर्स्टापेन ४२१. आता सप्टेंबरातली मॉन्झाची शर्यत आठवा. नॉरिसचा पिटस्टॉप (टायर बदलायचा थांबा) रेंगाळला, त्याच्याच संघातला पियास्त्री पुढं गेला, आणि मॅक्लारेननं रेडिओवरून पियास्त्रीला सांगितलं, जागा परत दे. त्यानं दिली. दुसऱ्याला १८ गुण, तिसऱ्याला १५. ते तीन गुण काढून घ्या, नॉरिस ४२० वर येतो आणि कप वेर्स्टापेनचा. हिशेब कागदावरचा आहे, मान्य. पण संघभावना दाखवली एकानं आणि मिरवणूक निघाली दुसऱ्याची, हे तर खरं ना?

तिथून गाडी घसरली ती थेट १९८८ वर, तेव्हा सेन्ना आणि प्रोस्ट दोघंही मॅक्लारेनमध्ये. सेन्ना की प्रोस्ट. गाड्यावर सातजण होतो, सहाजण सेन्नाकडं. मी एकटा प्रोस्टकडं. म्हणून इथं लिहितोय, निदान इथं तरी जोडीला कोणी मिळेल.

माझा मुद्दा साधा आहे. त्या साली मॅक्लारेननं १६ पैकी १५ शर्यती मारल्या. सेन्नानं आठ, प्रोस्टनं सात. पण प्रोस्टचा पूर्ण वर्षाचा निकाल बघा, सात वेळा पहिला, सात वेळा दुसरा. ज्या चौदा शर्यती पूर्ण केल्या त्यात तिसरा नंबर कधी नाही! एकूण गुण १०५, सेन्नाचे ९४. मग जगज्जेता सेन्ना कसा? तर तेव्हाचा नियम असा की चांगल्यातले अकराच निकाल धरायचे. प्रोस्टचे तीन दुसरे नंबर पाण्यात गेले, ८७ उरले, सेन्नाचे ९०.

आमच्याकडं एकाच सीएनसी मशिनवर दोघं आहेत, एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. रात्रीचा पोरगा हुशार. फीड चढवतो, पाळीला चार जॉब जास्त काढतो, आणि आठवड्यातून दोनदा टिप (कापायचं टोक) उडवतो. सकाळचे मामा मशिनला कान लावून उभे असतात, आवाज जरा बदलला की टिप फिरवतात. त्यांच्या जॉबला मायक्रोमीटर लावायचा तो निव्वळ उपचार म्हणून. प्रोस्ट म्हणजे ते मामा. १९८८ ला टर्बो गाडीला पूर्ण शर्यतीसाठी १५० लिटरच पेट्रोल होतं, मधे भरायची सोय नाही. टायर राखायचे, तेल राखायचं, आणि तरी पहिल्या दोनात यायचं. ही प्रतिभा टीव्हीवर दिसत नाही एवढाच तिचा दोष.

स्वभाव आणि संघभावना याबद्दल मुद्दाम काही लिहीत नाही. तिथं दोघंही सारखेच. बोला.

खानापूरचा वारा :

काय सांगूलास बे! मामा म्हणे. मामाला मोनॅकोत सोड एकदा.

१९८८, मोनॅको, क्वालिफायिंग, म्हणजे शर्यतीत कोण कुठनं सुटणार ते ठरवायच्या फेऱ्या. एकच गाडी, एकच इंजिन, एकच टायर. सेन्ना प्रोस्टपेक्षा १.४२७ सेकंदानं पुढं! आजकाल हजारांश सेकंदावरनं पोल, म्हणजे सुटायची पहिली जागा, जातंय. दीड सेकंद म्हणजे काय तर दुसरा माणूस वेगळ्या गावात गाडी चालवूलाय. आणि १९८४ ला तिथंच पावसात, टोलमनसारखी डबडी गाडी, तेराव्या जागेवरनं सुटून दुसरा आला, तो पण वर्ष पहिलं. प्रोस्ट पुढं होता आणि हात करून दाखवूला होता, थांबवा म्हणून. थांबवली पण.

डॉनिंग्टन १९९३ बघितलास का? पाचव्यावरनं पहिला, एका फेरीत. शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि शेवटी तुझे मामा. मामांकडं त्या वर्षी सगळ्यात भारी विल्यम्स, आणि पाऊस येतोय जातोय म्हणून सात वेळा पिटमध्ये! आमच्याकडं जांबोटीच्या वाटेवर पावसात असली माणसं दुचाकी कडेला लावून झाडाखाली उभी असतात. सेन्ना त्यातला न्हवं.

उद्यमबागचा टर्नर :

झाडाखाली उभं राहण्याचं कारण माहीत आहे का तुला? १९८२, हॉकेनहाइम, पावसातला सराव. पाण्याच्या फवाऱ्यात फेरारीच्या पिरोनीला पुढची गाडी दिसलीच नाही, तो मागून प्रोस्टच्या रेनोवर चढला आणि वरून उडून पलीकडं पडला. दोन्ही पायांचा चुराडा, फॉर्म्युला वन तिथंच संपलं. ज्याच्या गाडीवर तो चढला तो माणूस पुढं आयुष्यभर फवाऱ्याला भ्यायला तर त्याला भित्रा म्हणायचं? १९८८ ला सिल्व्हरस्टोनला पावसात प्रोस्टनं स्वतःहून गाडी आत घेतली, लोक हसले. १९८९ ला ॲडलेडला तो एका फेरीनंतर उतरला. त्याच शर्यतीत सेन्ना फवाऱ्यात ब्रंडलच्या गाडीवर मागून आदळला. त्या दिवशी कोणाला जास्त कळत होतं?

आणि तुझ्या त्या दीड सेकंदाच्या मोनॅकोत दुसऱ्या दिवशी शर्यत कोण जिंकलं, ते नाही लिहिलंस. सेन्ना जवळजवळ मिनिटाची आघाडी घेऊन चालला होता, अकरा-बारा फेऱ्या राहिल्या असताना एकटाच भिंतीला धडकला. मागून मामा आले.

टिळकवाडीची :

मी दोघांकडंही नाही, पण "स्वभावात दोघंही सारखेच" हे वाक्य वाचून राहवलं नाही. सारखे कसे?

इमोला, १९८९. दोघांत ठरलं होतं, सुरुवातीला जो पुढं जाईल त्याला पहिल्या वळणावर छेडायचं नाही. बर्गर नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीनं पेट घेतला, शर्यत थांबली, पुन्हा सुरू झाली. या खेपेला प्रोस्ट पुढं निघाला आणि सेन्नानं त्याला पहिल्याच वळणावर ओलांडलं. वर स्पष्टीकरण काय, की बोलणं पहिल्या सुरुवातीबद्दल झालं होतं, दुसऱ्या नव्हे! आमच्या वाड्यात नळाच्या पाण्यावरून असले मुद्दे निघत. शब्द दिला तर दिला.

पुढं १९९० ला जपानमध्ये सुझुकाला पहिल्या वळणावर त्यानं ब्रेकच लावला नाही, प्रोस्टच्या फेरारीला घेऊन बाहेर गेला आणि जगज्जेता झाला. हे मुद्दाम केलं असं वर्षभरानं स्वतःच सांगितलं. मागं पूर्ण गाड्यांचा ताफा होता हो. त्याला धाडस म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता टर्नरभाऊ, तुमच्या मामांकडं वळते. १९८९ ला सुझुकाच्या शिकेनला (नागमोडी वळणाला) सेन्नाच्या तोंडावर दार लावलं ते प्रोस्टनंच, आणि तेही सोवळ्यात नव्हतं. त्याच वर्षी मॉन्झाला जिंकल्यावर त्यानं कप पोडियमवरून खाली फेरारीच्या गर्दीत सोडून दिला, कारण पुढच्या वर्षी तिकडं जायचं पक्कं होतं. तो कप त्याच्या एकट्याचा होता का? रात्र-रात्र जागून गाडी उघडणाऱ्या मॅक्लारेनच्या मेकॅनिकांचा नव्हता? मग फेरारीत जाऊन १९९१ ला त्यांच्याच गाडीला ट्रक म्हटलं आणि नोकरी गेली. विल्यम्समध्ये आला तो करारात "सेन्ना नको" ही अट घालून. तुमच्या शॉपमधले मामा मालकाकडं जाऊन सांगतील का, रात्रपाळीच्या पोराला काढा म्हणून?

उद्यमबागचा टर्नर :

सांगितलं होतं एकदा. मालकानं ऐकलं नाही.

कपाचा मुद्दा मात्र लागला. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

निपाणीचा माळ :

तुम्ही सगळे ड्रायव्हरला धरून बसलाय. माझ्या मते दोष जू बांधणाऱ्याचा.

आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात घोडा-बैल शर्यत असते हे बेळगावात राहून माहीत असेलच. एका गाडीला एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला बैल. माझ्या चुलत्यांनी एका साली अशी जोडी केली होती. घोडा असा की दोरी सुटायच्या आधीच चार पावलं पुढं. बैल दांडगा, सुरुवातीला जड, पण निम्म्या माळानंतर त्याचा जोर सुरू व्हायचा. वेगवेगळं बघितलं तर दोन्ही जनावरं नंबरातली. एकत्र जुंपल्यावर काय? घोडा उधळला की जू तिरकं व्हायचं, सगळं ओझं बैलाच्या खांद्यावर. बैल जोरात आला की घोडा दचकून बाहेर ओढायचा. गाडीवान दोन्ही हातांत दोन कासरे घेऊन उभा, आणि गाडी सरळ न जाता माळभर नागासारखी. घरी आल्यावर चुलती बैलाच्या खांद्यावर हळद लावत होती आणि चुलते घोड्याला शिव्या देत होते. हळद लावता लावता ती एवढंच म्हणाली, जुंपलं कोणी?

मॅक्लारेनचा संघप्रमुख रॉन डेनिसनं तेच केलं. एवढे दोन एका गॅरेजात ठेवायचे आणि दोघांना सांगायचं, तुम्ही समान. दोन वर्षांत दोन्ही वेळा संघाचा कप मिळाला, मान्य, पण तिसऱ्या वर्षी बैल फेरारीच्या गोठ्यात. मर्सिडीजनं तेच केलं, २०१६ ला स्पेनमध्ये हॅमिल्टन आणि रॉसबर्ग पहिल्याच फेरीत एकमेकांना घेऊन खडीत गेले. दोघं लहानपणापासून कार्टिंगमधले दोस्त! रॉसबर्गनं त्या वर्षी पाच गुणांनी कप मारला आणि आठवड्याच्या आत खेळच सोडला. रेड बुलला बघा, २०१३ ला मलेशियात वेटेलला सांगितलं, जोडीदार वेबरच्या मागं राहा. राहिला का? पुढं घुसून जिंकला. पियास्त्रीनं ऐकलं, त्याचं काय झालं ते धाग्याच्या सुरुवातीलाच आहे.

संघभावना हवी असेल तर एक नंबर, दोन नंबर आधी सांगावा. नाहीतर मग अपेक्षा ठेवू नये.

कॅम्पातले सुभेदार (निवृत्त) :

उशिरा वाचलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यामुळं "संघभावना" शब्द आला की मी थांबतो.

ताई, तुमचं इमोला आणि सुझुका दोन्ही बरोबर आहे, मी त्याचं समर्थन करणार नाही. पण एक राहिलं. १९९२, बेल्जियममध्ये स्पाला सराव चालू होता. एरिक कोमास नावाच्या फ्रेंच ड्रायव्हरचा अपघात झाला. तो बेशुद्ध आणि पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, इंजिन किंचाळतंय. कुठल्याही क्षणी आग लागली असती. सेन्नानं आपली गाडी ट्रॅकवरच थांबवली, उतरला, समोरून गाड्या येत असताना धावत गेला, आधी इंजिन बंद केलं आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचं डोकं धरून बसला. कोमास त्याच्या संघाचा नव्हता.

आमच्याकडं भरतीच्या पोरांना पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की पडलेला माणूस कोणाच्या प्लाटूनचा ते नंतर विचारायचं. कप कोणाला, गुण किती, पोल कोणाचं, ही चढाओढ आहे, ती प्रत्येक तुकडीत असते आणि असावी. त्या चढाओढीत सेन्ना वाईट वागला. पण ज्या क्षणी खरंच संघभावना लागते त्या क्षणी तो होता.

टिळकवाडीची :

काका, कोमासची गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही, पण तुम्ही मांडली तशी कधी वाचली नव्हती.

तरी एक विचारते. ज्याला दुसऱ्याच्या जिवाची एवढी किंमत कळते, त्यानं दोनच वर्षांपूर्वी सुझुकाला तसं करावं हे मग जास्तच वाईट नाही का? न कळणाऱ्याला माफ करता येतं.

सुभेदार :

होय. जास्तच वाईट आहे.

खानापूरचा वारा :

गंभीरच झाला की बे धागा. एवढं लिहितो आणि चहाला जातो. १९९३ ला ॲडलेडला शेवटची शर्यत, सेन्ना पहिला, प्रोस्ट दुसरा आणि निवृत्त होऊलाय. सेन्नानं त्याला हाताला धरून वरच्या पायरीवर ओढून घेतलं. सहा महिन्यांनी इमोलाला सेन्ना गेला, आणि साओ पावलोत त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रोस्ट होता. तुम्ही भांडत बसा, त्यांचं मिटलं कवाच.

उद्यमबागचा टर्नर :

मिटलं असेल, माझं मत बदललेलं नाही. उलट तू काढलेल्या १९८४ च्या मोनॅकोवरून काल रात्री हिशेब करून बघितला. शर्यत निम्म्याच्या आत थांबवली म्हणून प्रोस्टला नऊऐवजी साडेचारच गुण मिळाले. वर्षाच्या शेवटी त्याचाच मॅक्लारेनमधला जोडीदार लाउडा ७२, प्रोस्ट ७१.५. अर्ध्या गुणानं कप गेला. लाउडा त्या शर्यतीतून आधीच बाद झालेला. म्हणजे प्रोस्टनं हात न हलवता, शर्यत पूर्ण होऊ देऊन, सेन्नाला पुढं जाऊ दिलं असतं आणि नुसता दुसरा आला असता तरी सहा गुण मिळून जगज्जेता झाला असता.

सगळं मोजून चालवणाऱ्या माणसाचं गणित नेमकं तिथं चुकलं. ही एक तुला देतो, बाकी पंधरा मुद्दे उद्या गाड्यावर.

निपाणीकर, घोड्याचं पुढं काय झालं ते राहिलं.

निपाणीचा माळ :

बैल दुसऱ्याच वर्षी चिकोडीकडच्या एकानं नेला, तिकडं बैलजोडीत चांगला पळाला. घोडा चुलत्यांनी विकला नाही, वरातीला भाड्यानं देतात. गेल्या वैशाखात बँडवाल्यानं ताशावर काठी मारली आणि गडी नवरदेवासकट सुटला तो देवळापर्यंत. पहिला नंबर.